ओरखड्याचा तळ

४ मार्च

भावजी,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुमचा आवाज फोनमधून शेजारच्या खोलीत ऐकू जातो आणि शेजारच्या खोलीत तुमचे दादा बसलेले असतात. वाचून झालं की हे टाकून द्या.

ह्यांची सायकल परवा खोक्यात भरून तुमच्या दुकानाकडे निघाली. पडल्यावर तिला कुठे मार बसलाय का ते बघ, असं त्यांनी तुम्हाला कळवलंच असेल. खांद्याजवळचं हाड आता जुळलंय, हात वर जातो, चष्म्याचं दुकान पुन्हा सुरू झालंय. आता एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे पुन्हा त्या टेकडीवर जाणं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी आहे, ती तुम्ही पाहिलीय. सुट्टीच्या सकाळी निघण्याआधी हे त्यावर रस्ता लिहितात. पूल, चढ, टेकडी, दगडी उतार, परत. त्या दिवशी 'परत' काही येईना. पाटी वाचून मी खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला पाठवलं, तेव्हा हे उताराच्या मध्यावर सापडले. सायकल अंगावर, आणि तोंडाने काय तर म्हणे, आधी सायकल उचला.

माझा जीव आता सुट्टीच्या आदल्या दिवसापासूनच टांगणीला लागतो. डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत, माझं ऐकण्याचा प्रश्नच नाही. सायकलच्या बाबतीत तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. म्हणून विचारते. फ्रेमला तडा गेलाय, आता ही सायकल चालवायची नाही, एवढं एक वाक्य तुम्ही लिहाल का? नवी फ्रेम शोधायची, सगळे पार्ट जुळवायचे, या वयात एवढा खटाटोप ते करायचे नाहीत. आपोआप सुटेल.

खोटं बोलायला सांगतेय हे मला कळतंय. पण पडलेला माणूस मी पाहिलाय.

तुमची,
वहिनी

११ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आलं तेव्हा दादाची सायकल माझ्या स्टँडवर उलटी टांगलेली होती. चाकं काढली, सीटचा दांडा ओढून बाहेर काढला, प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. दणकट आहे. सीटची नळी वरच्या नळीला जिथे मिळते, तिथे दगडाने रंग खरवडलाय, बोटभर. बाकी काही नाही.

पत्र वाचून आधी राग आला. मग दवाखान्यातला दादा आठवला. मी आलो तेव्हा तो भुलीतून बाहेर येत होता आणि मला ओळखायला त्याला वेळ लागला. बाहेर येऊन मी जिन्यात बसलो होतो, ते तुम्हाला सांगितलं नाही. त्यामुळे तुमच्यावर रागवायचा मला फारसा हक्क नाही.

लिहिलंय. त्या ओरखड्याभोवती खडूने गोल काढला आणि चिठ्ठीत लिहिलं, 'तडा आहे. ॲल्युमिनियमला डाग देऊन भागत नाही, चालवू नकोस.' सायकल परत पाठवतोय. गिऱ्हाईकाच्या चांगल्या वस्तूला वाईट म्हणून मी आजवर एक साधी चेनसुद्धा विकलेली नाही. गोल काढायला गेलो तर तो अंडाकृती झाला.

पत्र टाकून दिलं.

पान्या

२० मार्च

प्रिय पान्या,

खोकं मिळालं. तुझं वर्तुळ बघितलं. चित्रकलेत तू का नापास व्हायचास ते पुन्हा एकदा कळलं.

तू तडा म्हणतोस, तर तडा. वाद नाही. मी सगळं सुटं केलंय आणि फ्रेम, पुढचा काटा आणि मागचं चाक उद्या तुझ्याकडे परत पाठवतोय, म्हणजे नवी फ्रेम तुला त्यांच्याशी जुळवून बघता येईल. हो, नवीच घ्यायची. आणि तुझ्याकडूनच. सायकल सोडून देण्याचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो काढून टाकावा.

फ्रेम हलकी हवी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि जुळलेला खांदा सायकल उचलताना कुरकुरतो. किती हलकी ते तू ठरव. कार्बनची म्हणतोस की टायटॅनियमची, की आपली साधी ॲल्युमिनियमचीच पण पातळ नळ्यांची? माझ्यासाठी स्वस्तातली शोधत बसू नकोस. तुझ्या दुकानाला परवडेल, तुला चार घास मिळतील, अशी शोध.

दुकान कसं चाललंय? तुझ्यासमोर ते मोठं चकचकीत दुकान उघडलं होतं, त्याचं काय झालं? मनात ठेवू नकोस. तुला लहानपणापासून मागायची लाज. भूक लागली तरी शेजारून आमच्या घरी येऊन पाणी मागायचास, आणि आई समजून जायची.

दादा

ता. क. तुझी वहिनी हल्ली फार गप्प असते. माझ्या दुखण्याने थकली असेल.

२ एप्रिल

दादा,

दुकान चाललंय.

फ्रेमचं सांगतो. मागे स्प्रिंग नसलेल्या हार्डटेलमध्ये पुढचे झटके काटा पितो, पण मागचे सगळे फ्रेमच खाते, हे तुला सांगायला नको. म्हणून नुसतं वजन बघून चालत नाही. मी तीन फ्रेमा बघितल्या.

पहिली कार्बनची. करंगळीवर तोलता येईल एवढी हलकी. पण मागचं चाक बसतं ती तिची चिमट रुंद आहे, तुझ्या चाकाचा आस तिच्यात खुळखुळेल. शिवाय ती मोठ्या चाकांसाठी केलेली. ती घ्यायची तर चाकं नवी, काटा नवा, म्हणजे तुझ्या सायकलची फक्त घंटा उरेल. आणि दगडावर आपटली तर आत काय झालंय ते वरून दिसत नाही.

दुसरी टायटॅनियमची. सुंदर आहे. तिच्याबद्दल एवढंच लिहितो.

तिसरी ॲल्युमिनियमची, पातळ नळ्यांची. शर्यतीवाल्यांसाठी आहे, छोट्या काट्यासाठी केलेली. तुझा काटा उंच. तो लावला तर पुढची बाजू वर उचलली जाईल, आणि चढावर तुला हँडल दाबून धरावं लागेल. त्या खांद्याने.

माझं मत, थांब. घाई नको. दोन-तीन महिने थांबून बघू, काही चांगलं येईल. तोवर खांदाही बरा होईल. हवं तर पोहायला जा.

पान्या

१५ एप्रिल

भावजी,

तुम्ही ह्यांना तीन फ्रेमांचं लिहिलंत आणि आमच्या घरात तीन माणसं राहायला आल्यासारखं झालंय. जेवताना कार्बन, झोपताना टायटॅनियम. कंटाळतील म्हटलं होतं मी. ह्यांनी तर उरलेले पार्ट तोलून बघायला घरातला भाजीचा काटा दुकानात नेला.

सुरुवातीला मला बरं वाटलं. खरं सांगते, फार बरं वाटलं. दोन सुट्ट्या हे घरी होते. एकदा आम्ही दुपारी नुसते बसलो. मी मनात म्हटलं, जमलं.

तिसऱ्या सुट्टीला सकाळी उठून हे कपडे करून निघाले. कुठे म्हटलं, तर दुकानात. सुट्टीच्या दिवशी दुकान उघडतात आता. दुसऱ्या चष्मेवाल्यांची काचा घासायची कामं घेतलीत. दिवसभर वाकून बसतात आणि संध्याकाळी डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडतात. कशासाठी, तर चांगली फ्रेम घ्यायचीय. मी म्हटलं, साधी घ्या, नाहीतर नकाच घेऊ. तर हसून म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही.

टेकडीवर पडू नयेत म्हणून मी त्यांना खुर्चीला बांधून टाकलं, भावजी. पाटी कोरी आहे. पाठ वाकलेली दिसते. रुमाल मीच ओला करून देते आणि मलाच तोंडावर मारल्यासारखं होतं.

आता तुम्हीच मार्ग काढा. फ्रेम मिळतच नाही म्हणा, किंवा जी मिळेल ती चालणारच नाही अशी पाठवा, म्हणजे एकदाचे निराश होऊन थांबतील. मला दुसरं काही सुचत नाही.

वहिनी

१८ एप्रिल

प्रिय पान्या,

तू 'थांब' म्हणून लिहिलंस आणि मला तुझी फार माया वाटली. पण आता मी सरळच लिहितो, म्हणजे तुझ्या मनावरचं ओझं उतरेल.

तडा नाही हे मला माहीत आहे. खोकं उघडलं त्या दिवसापासून माहीत आहे.

अरे, माझं पोट कशावर चालतं? रोज लोक चष्मा घेऊन येतात आणि विचारतात, काच तडकलीय की नुसता चरा पडलाय? भिंग लावून बघायचं. ओरखड्याला तळ असतो, तो चमकतो. तड्याला तळ दिसत नाही. तुझ्या त्या अंडाकृती गोलात भिंग धरलं तर तळ लख्ख दिसला, कडेला रंगाच्या कपच्या उभ्या होत्या. तुझ्यासारख्या कारागिराच्या बोटांना हे कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

मग मी बसून विचार केला. हा माणूस खोटं कधी बोलेल? स्वतःच्या चैनीसाठी नाही. त्याच्यावर काहीतरी वेळ आली असेल, समोरच्या दुकानाने गिऱ्हाईक पळवलं असेल, आणि एक फ्रेम विकली गेली तर तेवढाच आधार होईल, असं त्याला वाटलं असेल. मागायची तर लाज. आणि आता गोल काढून बसल्यावर ती फ्रेम विकायचीही तुला लाज वाटतेय, म्हणून थांब म्हणतोस. खरं ना?

तर ऐक. टायटॅनियमची पाठव. तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, त्यावरून ती किती चांगली असेल ते कळलं. तिच्यासाठी मी थोडं जास्तीचं काम घेतलंय आणि मला त्यात आनंद आहे. मला हलकी फ्रेम मिळेल, तुला हातभार लागेल, दोघांचं काम झालं. खोटं बोललास म्हणून मनाला लावून घेत बसू नकोस. मी ते त्याच दिवशी सोडून दिलं.

फक्त एक कर. तुझ्या वहिनीला यातलं काही कळू देऊ नकोस. ती तुला फार मानते. तू असं काही केलंस हे कळलं तर तिला फार वाईट वाटेल.

दादा

२४ एप्रिल

वहिनी,

दादाचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? मी ते दुकानात उभ्याने वाचलं आणि शटर अर्धं खाली ओढून आत बसलो. त्याने मला भुकेलं ठरवलं, आणि ठरवून माफही केलं. आणि माझ्यासाठी तो सुट्टीच्या दिवशी काचा घासतोय. माझ्यासाठी. तुम्हाला वाटत होतं फ्रेमच्या हौसेसाठी.

माझं दुकान उत्तम चाललंय. समोरचं चकचकीत दुकान सहा महिन्यांत बंद पडलं, त्यांची हत्यारंसुद्धा मी घेतली. हे मी त्याला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं, पण खोटं बोललेल्या माणसाला स्वतःचं बरं चाललंय हेही सांगवत नाही.

चालणार नाही अशी फ्रेम पाठवा म्हणून तुम्ही लिहिलंत. ते माझ्याने होणार नाही. एकदा झालं, पुन्हा नाही. वाईट जुळलेल्या फ्रेमवर माणूस खरंच पडतो, वहिनी. तुम्हाला ते माहीत नाही म्हणून मी रागावत नाही.

आता त्याला उत्तर द्यायचंय. हो म्हटलं तर मी चोर होतो, आणि तो सगळा उन्हाळा वाकून बसतो. खरं लिहिलं तर तुमचं नाव येतं. मी तुमचं नाव लिहिणार नाही. पण माझ्या बाजूचं खोटं मी परत घेणार आहे आणि फ्रेम पाठवणार आहे. खोकं तुमच्या घरी पोचायला आठवडा लागेल. तेवढे दिवस तुमचे.

पान्या

२९ एप्रिल

भावजी,

पाठवा. खोकं दारात यायच्या आत मी सांगते.

'तिला फार वाईट वाटेल', ही ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नका. त्यांना तुमच्यावर संशय आला, पण माझ्यावर आला नाही. येऊ शकला असता. घरात मीच तर होते.

वहिनी

५ मे
(खोक्यात, फ्रेमला बांधलेली चिठ्ठी)

दादा,

तुझं भिंग बरोबर आहे. तडा नव्हता. पण बाकीचं सगळं चुकलंय. दुकान ठीक चाललंय, मला काही कमी नाही, आणि पैशासाठी मी ते बोललो नाही. का बोललो ते हे खोकं उघडण्याआधी तुला घरातच कळलं असेल. कळलं नसेल तर मला विचारू नकोस.

टायटॅनियमची फ्रेम पाठवत नाहीये. तुझ्या सगळ्या पार्टना चालेल, दगडाचा मार खाईल आणि तुझ्या खांद्याला झेपेल अशी एकच फ्रेम माझ्याकडे होती. ती तुझीच. तिच्यावरचा सगळा रंग मी उतरवलाय. रंग आणि त्याखालचा थर धरून बरंच वजन जातं, तुझ्या भाजीच्या काट्यावर घालून बघ. तुझा काटा आणि चाक सोबत आहेत; सीटचा दांडा आणि हँडल हलकं पाठवतोय, ते माझ्याकडून.

रंग मुद्दाम दिला नाही. आता प्रत्येक जोड उघडा आहे. भिंग घे आणि हवं तेवढं बघ.

तू माफ केलंस ते दुसऱ्याच गुन्ह्यासाठी होतं. या गुन्ह्यासाठी करायचं की नाही ते सावकाश ठरव.

पान्या

१९ मे

भावजी,

आज ह्यांची सुट्टी. हे बाहेर गेलेत आणि मी पत्र लिहायला बसलेय, नाहीतर खिडकीशी उभी राहीन.

तुम्हाला सगळं सांगायला हवं. खोकं यायच्या आदल्या संध्याकाळी हे डोळ्यांवर रुमाल ठेवून पडले होते तेव्हा सांगितलं. तोंड दिसत नव्हतं म्हणून सांगता आलं. तडा मी सांगायला लावला, भावजींनी माझ्यासाठी लिहिलं, त्यांच्या दुकानाला काही झालेलं नाही. हे उठले नाहीत, रुमालही काढला नाही. तसेच पडून म्हणाले, "मग मी एवढे दिवस कुणासाठी काचा घासत होतो?"

दुसऱ्या दिवशी खोकं आलं. तुमची चिठ्ठी वाचून घडी करून खिशात ठेवली. फ्रेम जेवणाच्या टेबलावर आडवी घातली आणि भिंग घेऊन एक-एक जोड बघत बसले. मी वाढलेलं ताट हातात घेऊन उभी होते, टेबलावर जागाच नव्हती. शेवटी म्हणाले, "निर्दोष आहे." मग जोडताना एकदा मला हाक मारली, फ्रेम धरायला. मी धरली. भावजी, खरंच हलकी आहे. मी ती एवढ्या वर्षांत कधी हातात घेतलीच नव्हती. ह्यांनी विचारलं, "जड आहे का?" मी नाही म्हटलं. त्या आठवड्यात आम्ही बोललो ते एवढंच.

आणि आज सकाळी हे उठले, टोपी घातली, सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरले. पाटीवर काही न लिहिता. खडू जागच्या जागी होता. विसरले असतील म्हणून मी जिन्यापर्यंत गेले, पण हाक मारली नाही. मी कोणत्या तोंडाने विचारू की कुठे निघालात? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हे कुठे आहेत ते मला माहीत नाही. ह्यांना काही झालं तर ड्रायव्हरला कुठे पाठवायचं तेही माहीत नाही. आणि तक्रार करायला जागा नाही.

थांबते. खाली फाटक वाजलं.

आले. मी उठले नाही, पेन हातात तसंच धरून बसले. हात धुतले, पाणी प्यायले, मग दाराशी जाऊन खडू उचलला आणि पाटीवर लिहिलं. पूल. परत.

म्हणजे पुलापर्यंतच. तिथवर सपाट रस्ता आहे, शाळेतली पोरंसुद्धा जातात. आणि एवढ्याला सगळी सकाळ? मी न राहवून विचारलं. खुर्चीवर बसून बूट सोडत होते. म्हणाले, "चढाच्या तोंडाशी थांबलो. फ्रेम चांगली आहे, मीच बघितलीय. तरी खाली बघत राहिलो. तडा तर नसेल ना, असंच वाटत होतं. पाय चालेनात. मग पुलावर बसून राहिलो." रागाने नाही म्हणाले. गिऱ्हाईकाला नंबर वाढलाय सांगतात, त्या आवाजात म्हणाले.

मला हेच हवं होतं, भावजी. मार्चमध्ये मी तुमच्याकडे हेच मागितलं होतं. टेकडी सुटावी आणि माणूस घरी यावा. दोन्ही झालं. हे आत आंघोळीला गेलेत आणि मी इथे हे लिहिताना रडतेय.

आत्ताच एक केलं, ते सांगून पत्र संपवते. ह्यांच्या ओळीखाली पुढच्या सुट्टीचा रस्ता मी माझ्या हाताने लिहिला. पूल, चढ, टेकडी, दगडी उतार, परत. खाली लिहिलं की पुलापर्यंत मी चालत येते, तिथून पुढे तुम्ही जा, मी पुलावर थांबते. एवढंसं लिहिताना खडू दोनदा मोडला. नळ बंद झालाय. आता बाहेर येतील आणि वाचतील.

तुमची,
वहिनी